‘कम्फर्टेबली नंब’ : रेकॉर्डवर न संपणारे गाणे मंचावर कुठे संपते?

पांढरी सात

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक संघाच्या ‘कम्फर्टेबली नंब’ या गाण्याची मंचावरची जी रूपे ध्वनिमुद्रित होऊन आपल्यापर्यंत पोचली आहेत, त्यांच्याविषयी इंदूरच्या आपल्या मंडळींशी सविस्तर बोलावे असे बरेच दिवस मनात होते. गेल्या रविवारी लोकमान्य नगरात आमच्याकडे चौघे जण जमलो, सकाळच्या पोह्यांपासून दुपारच्या जेवणापर्यंत ओळीने सहा रूपे ऐकली, आणि उठताना चौघांची चार मते होती. ती मते नीट मांडली जावीत आणि ज्यांनी या गाण्याबरोबर अनेक वर्षे काढली आहेत त्यांनीही आपापले म्हणणे लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे.

माझ्यापुरते या सगळ्याचे मूळ एका कॅसेटमध्ये आहे. रामबागेत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने १९९६ साली वसतिगृहातल्या मित्राकडून ‘पल्स’ या संघाच्या मंचावरच्या ध्वनिमुद्रणातली निवडक गाणी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणली होती. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे हे होते आणि ते पूर्ण मावले नव्हते. संघाचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांचा शेवटचा सोलो ऐन भरात असताना टेप संपायची, बटण खटकन वर यायचे आणि खोलीत एकदम पंख्याचा आवाज ऐकू यायचा. पुढची पाच वर्षे मी हे गाणे तेवढेच ऐकले. घरच्या पेटीवर त्याचे स्वर शोधायला बसलो, तर ते पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्या मधेच कुठेतरी पडायचे. आमचा टेपरेकॉर्डर किंचित जलद फिरत होता आणि गाणे सरळ पांढऱ्या सातातले आहे, हे पुष्कळ उशिरा कळले.

नंतर १९७९ सालचा मूळ अल्बम ‘द वॉल’ हाती आला, तेव्हा वाटले की आता शेवट ऐकायला मिळेल. पण तिथेही शेवट नव्हता. सोलो चालू असतानाच आवाज हळूहळू मावळत जातो आणि गाणे ऐकू येईनासे होते. शिवाय हा सोलो एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा वाजवून त्यांतले चांगले तुकडे निवडून जोडले, असे गिल्मोर यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. म्हणजे रेकॉर्डवर जे आहे ते जोडलेले आहे आणि अर्ध्यावर विरलेले आहे. मंचावर या दोन्ही सोयी नाहीत. तिथे तो सोलो एकाच वेळी, अथपासून इतिपर्यंत वाजवावा लागतो आणि कुठेतरी संपवावाच लागतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की या गाण्याच्या रूपांची तुलना करताना सोलो किती मिनिटांचा आहे हे मोजण्यापेक्षा तो कुठून निघून कुठे उतरतो हे पाहावे.

या कसोटीवर माझी निवड १९८० आणि १९८१ सालच्या लंडनमधील अर्ल्स कोर्टच्या प्रयोगांची आहे. ते ध्वनिमुद्रण २००० साली ‘इज देअर एनीबडी आउट देअर?’ या नावाने प्रसिद्ध झाले. संघाने ‘द वॉल’चे सगळे मिळून ३१ प्रयोग केले, तेही फक्त लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचे युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड या चार ठिकाणी. प्रयोग चालू असताना मंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची सुमारे चाळीस फूट उंच भिंत बांधली जायची. हे गाणे येई तेव्हा ती भिंत पूर्ण झालेली असे. संघाचे गीतकार-गायक रॉजर वॉटर्स डॉक्टरचा पांढरा कोट घालून भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून कडवे म्हणत आणि ध्रुवपदाला भिंतीच्या माथ्यावर, पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात, गिल्मोर दिसत. हे गाणे मुळात दोन माणसांचे आहे. एक, डॉक्टर, विचारतो आहे आणि दुसरा, रुग्ण, उत्तर देतो आहे, पण उत्तर विचारणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो खालचा आणि वरचा आवाज, त्यांच्यामधली ती चाळीस फुटांची उंची, हे सगळे नुसत्या ध्वनिमुद्रणातही ऐकू येते. नंतरच्या कुठल्याही रूपात मला ते इतके स्पष्ट ऐकू आलेले नाही.

आपले मत लिहिताना कृपया कारणही लिहावे, एवढीच विनंती आहे.

राजेंद्रनगरकर

रविवारच्या त्या चौघांपैकी मी एक. माझी निवड ‘पल्स’ची होती, आजही आहे, आणि ती केवळ सवयीची नाही हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

‘पल्स’चे चित्रीकरण ऑक्टोबर १९९४ मधले आहे, सभागृह तेच अर्ल्स कोर्ट. तेव्हा वॉटर्स संघ सोडून गेलेले होते, त्यामुळे डॉक्टरची कडवी संघाचे की-बोर्डवादक रिचर्ड राइट आणि साथीचे वादक गाय प्रॅट व जॉन कॅरिन हे तिघे मिळून म्हणतात. यावर आक्षेप असा घेतला जातो की तीन आवाजांमुळे डॉक्टरचा धाक जातो. मला उलटे वाटते. एका डॉक्टरच्या जागी एक अख्खे खाते बोलत असल्यासारखे वाटते. कुणाचाच चेहरा नसलेला तो समजावणीचा सूर मला वॉटर्स यांच्या नाटकी सुरापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

आता सोलोविषयी. गिल्मोर यांच्या हातात या दौऱ्यात लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार आहे, तारांचा आवाज टिपणारी ईएमजी पिकअप बसवलेली. मूळ रेकॉर्डवर काळी होती. लाल गिटारचा आवाज अधिक गुळगुळीत आणि अधिक काळ टिकणारा आहे, आणि हे टिकणे महत्त्वाचे आहे, कारण सोलो पाच मिनिटांच्या जवळ जातो. एवढ्या वेळात एकही जागा मला भरतीची वाटत नाही. सभागृहाच्या मध्यभागी आरशांचा तो प्रचंड गोळा वर चढतो आणि पाकळ्यांसारखा उमलतो, हे चित्र बहुतेकांच्या लक्षात राहिले आहे. तरी माझी विनंती अशी की हे रूप एकदा डोळे मिटून ऐकावे. शेवटच्या मिनिटात ढोल, झांजा, तिन्ही पार्श्वगायिकांच्या मागची ती ऑर्गनची भिंत, सगळे एकाच दिशेने सरकत असते, आणि गिटार त्याच्या वर उभी राहून शेवटच्या स्वरावर थांबते, उतरत नाही. धागा काढणाऱ्यांनी ‘कुठे उतरतो’ असे विचारले आहे. माझे उत्तर असे की काही सोलो उतरू नयेत.

झूमरा

मी तबला शिकलेला माणूस आहे आणि रॉक संगीत मला उशिरा, मुलांमुळे भेटले. माझे ऐकणे आपल्यापेक्षा निराळे आहे, ते इथे उपयोगी पडेल असे वाटते म्हणून लिहितो.

आधी स्वरांचे. कडवे बी मायनरमध्ये आहे, म्हणजे पांढऱ्या सातात षड्ज धरला तर गंधार, धैवत, निषाद कोमल, आपला आसावरी थाट. ध्रुवपद मात्र डी मेजरमध्ये जाते, म्हणजे षड्ज तिथून उचलून कोमल गंधारावर नेऊन ठेवला जातो. स्वर जवळपास तेच राहतात, षड्ज बदलतो. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. गाण्याची सगळी करामत मला इथे दिसते. डॉक्टर बोलतो तेव्हा घर एका ठिकाणी असते, रुग्ण बोलतो तेव्हा घर दुसरीकडे असते, आणि दोघे तेच स्वर वापरत असूनही एकमेकांना भेटत नाहीत. पहिला, छोटा सोलो रुग्णाच्या घरातला आहे, म्हणून तो इतका मोकळा आणि सुखाचा वाटतो. शेवटचा सोलो डॉक्टरच्या घरात होतो. तिथे मुख्यतः सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे पाच स्वर फिरतात, म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर, आणि मधूनच रिषभ किंवा धैवत चाटून जातो. धानी आपल्याकडे चंचल, हलका राग मानतात. त्याच पाच स्वरांतून एवढे दुःख निघते ते लय आणि मींड यांमुळे. गिल्मोर तार आडवी ओढून स्वर चढवतात आणि वर पोचल्यावर तो थरथरवतात. सतारीवरची मींड हेच करते.

आता मात्रांचे. शेवटच्या सोलोखाली चार-चार मात्रांचे चार भाग फिरत राहतात. पहिल्या भागात बी मायनर, दुसऱ्यात ए, तिसऱ्यात जी आणि ई मायनर, चौथ्यात पुन्हा बी मायनर. सोळा मात्रांचे आवर्तन झाले. एक आवर्तन साधारण पंधरा सेकंदांचे आहे. मूळ रेकॉर्डवर आवाज मावळेपर्यंत सात-आठ आवर्तने होतात, ‘पल्स’मध्ये अठरा ते वीस. मी दोनदा बोटांवर मोजली.

इंदूरला राहणाऱ्याच्या मनात विलंबित बढतीचा विषय निघाला की उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आवाज येतोच. झूमरा तालाच्या त्या अतिविलंबित आवर्तनांत ते एकेका स्वरापाशी किती वेळ थांबत, आणि पुढचा स्वर आल्यावर तो आधीपासूनच तिथे होता असे कसे वाटे, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ‘पल्स’मधली पहिली सहा-सात आवर्तने पटतील. गिल्मोर सुरुवातीला खालच्या जाड तारांकडे येतात, एक वाक्य बोलतात, थांबतात. घाई नाही. पण पुढे, माझ्या मते बाराव्या-तेराव्या आवर्तनानंतर, बढत संपलेली असते आणि फक्त जोर वाढत असतो. तार सप्तकात एकदा पोचल्यावर तिथेच पुन्हा पुन्हा हाक मारणे, हे ऐकायला भव्य असले तरी त्यात नवे काही उलगडत नाही. या बाबतीत मी राजेंद्रनगरकरांशी सहमत नाही. १९८०-८१ चे रूप लहान आहे आणि त्यात एकही आवर्तन पुन्हा सांगितलेले नाही.

कॅसेटवाली

झूमरा काका, मूर्च्छनेचे विवेचन वाचून मी दोन्ही सोलो लागोपाठ पुन्हा ऐकले. एवढी वर्षे ऐकूनही पहिला सोलो सुखाचा का वाटतो हे मला सांगता येत नव्हते. मनापासून आभार.

मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. या धाग्यावर आतापर्यंत सगळे सोलोविषयी झाले. शब्द वॉटर्स यांचे आहेत आणि त्यांच्या अंगावरून गेलेल्या प्रसंगातून आले आहेत, याकडे दुर्लक्ष होऊ नये. १९७७ साली फिलाडेल्फियाच्या कार्यक्रमाआधी त्यांच्या पोटात तीव्र कळा येत होत्या, डॉक्टरने गुंगीचे इंजेक्शन देऊन त्यांना मंचावर उभे केले आणि हातांत संवेदना नसताना त्यांनी तो कार्यक्रम पार पाडला. माणूस बरा झाला नाही तरी चालेल, कार्यक्रम झाला पाहिजे, हा त्या कडव्यांचा अर्थ आहे. त्यामुळे ती कडवी कोण म्हणतो याने गाणे बदलते.

फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आले होते, तेव्हा मी आणि माझा भाऊ अवंतिका एक्सप्रेसने गेलो होतो. मी तेव्हा महाविद्यालयात होते. घरी परवानगी मिळायला तीन दिवस लागले होते. संघाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम पूर्ण वाजवून झाला, आणि सगळ्यांत शेवटी, निरोपाचे म्हणून, हे गाणे आले. आम्ही मंचापासून फार लांब होतो. वॉटर्स यांनी पहिला शब्द उच्चारला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, आमच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या गृहस्थांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. एवढा वेळ ते चष्म्याशिवायच ऐकत होते. गिल्मोर नव्हते, सोलो इतरांनी वाजवला, आणि तो चांगला वाजला. पण मी त्या रात्रीहून घेऊन आले तो आवाज डॉक्टरचा आहे. समजुतीचा सूर आणि त्याखालचा उतावळेपणा, दोन्ही एकाच आवाजात. तीन जणांनी मिळून म्हटल्यावर हा उतावळेपणा कसा राहील?

आणि म्हणूनच मला वॉटर्स यांचे २०२२ सालचे रूपही महत्त्वाचे वाटते. त्यात गाणे पूर्ण एक स्वर खाली उतरवले आहे आणि गिटारचा सोलो काढूनच टाकला आहे. त्या जागी एका गायिकेचा शब्दांविना आवाज येतो. त्या वर्षीच्या दौऱ्यात कार्यक्रमाची सुरुवातच या रूपाने होत असे. ते सुंदर आहे असे मी म्हणणार नाही. पण सुटकेचा दरवाजा बंद केला तर हे गाणे किती काळोखाचे आहे, हे त्याने दाखवले.

राजेंद्रनगरकर

ताई, आपला मुंबईचा अनुभव वाचून हेवा वाटला. तरीही २०२२ च्या रूपाविषयी मला तीव्र मतभेद नोंदवावासा वाटतो. ढोलकी काढून घेतलेल्या लावणीला कुणी बैठकीची म्हणेलही, पण फडावरची ती नक्कीच नव्हे. गाण्यातल्या ध्रुवपदाची चाल गिल्मोर यांची, आपल्या १९७८ च्या अल्बमच्या वेळी ती त्यांना सुचली होती. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळीच दोघांत वाद झाला होता. एकाला मायकेल केमन यांचा वाद्यवृंद पुढे हवा होता, दुसऱ्याला गाणे अधिक राकट हवे होते. अखेर दोन्ही गोष्टी त्यात राहिल्या, म्हणून ते उभे राहिले. दोघांपैकी एकाचा वाटा काढून टाकल्यावर जे उरते ते वेगळे गाणे आहे. त्याला वेगळे नाव द्यायला हवे होते.

पांढरी सात

दोघांच्या मधे पडत नाही, पण दोघांचे वाटे एकत्र असलेले एक रूप अजून कुणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटले. २ जुलै २००५, लंडनचे हाइड पार्क, ‘लाइव्ह ८’ हा कार्यक्रम. १९८१ च्या अर्ल्स कोर्टनंतर संघातले चौघे प्रथमच एकत्र मंचावर आले, म्हणजे मधे चोवीस वर्षे गेली. एकूण चार गाण्यांचा कार्यक्रम, शेवटचे हे. गिल्मोर यांनी त्या दिवशी पुन्हा ती जुनी काळी स्ट्रॅटोकास्टर घेतली होती. मधली बरीच वर्षे ती एका उपाहारगृहाच्या भिंतीवर प्रदर्शनात टांगलेली होती, आणि २०१९ च्या लिलावात तीच ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली.

तांत्रिकदृष्ट्या हे रूप सर्वोत्तम नाही. उघडे मैदान, दिवसभराच्या कार्यक्रमांनंतरची रात्र, वेळेचे बंधन. सोलो आटोपशीर आहे. पण वॉटर्स यांचे कडवे आणि गिल्मोर यांचे ध्रुवपद यांच्यामध्ये या वेळी पुठ्ठ्याची भिंत नाही, खरी चोवीस वर्षे आहेत. शेवटचा स्वर थांबल्यावर वॉटर्स तिघांना हाताने खूण करून जवळ बोलावतात आणि चौघे खांद्यावर हात टाकून उभे राहतात. गिल्मोर किंचित अवघडलेले दिसतात. मला तो शेवट या गाण्याचा सर्वांत प्रामाणिक शेवट वाटतो, अवघडलेपणासकट.

१२ मे २०११ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात, वॉटर्स यांच्या ‘द वॉल’ दौऱ्यात गिल्मोर एका रात्रीपुरते पुन्हा भिंतीवर चढले, तेही मी पाहिले आहे. आनंद झाला, पण तो जुने मित्र पाहिल्याचा आनंद होता. गाण्यात नवे काही नव्हते. बर्लिनमध्ये १९९० साली वॉटर्स यांच्या ‘द वॉल’च्या प्रयोगात गायक व्हॅन मॉरिसन यांनी म्हटलेले ध्रुवपद मात्र मला आवडते. त्यांचा आवाज भिंतीवरून येत नाही, जमिनीतून येतो.

काळी पाच

मी पेटी आणि की-बोर्ड वाजवते, त्यामुळे या गाण्यात माझे कान नेहमी रिचर्ड राइट यांच्याकडे असतात, आणि सहा रूपांच्या चर्चेत त्यांचे नाव फक्त एकदा आले याचे वाईट वाटले.

‘द वॉल’च्या ध्वनिमुद्रणाच्या काळात राइट यांना संघातून काढण्यात आले होते. १९८० आणि १९८१ च्या प्रयोगांत ते पगारी वादक म्हणून वाजवत होते. ते प्रयोग इतके खर्चिक होते की संघाला तोटा झाला आणि पगार घेणारे राइट तेवढे फायद्यात राहिले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. लोक ती गमतीने सांगतात. मला ती कधी गमतीची वाटली नाही. ज्या भिंतीमागे ते बसले होते, ती त्यांच्यासाठी खरी होती.

म्हणून माझी निवड ग्दान्स्कची आहे. २६ ऑगस्ट २००६, पोलंडमधल्या ग्दान्स्क इथली जहाजबांधणीची गोदी, सॉलिडॅरिटी या तिथल्या कामगार चळवळीच्या वर्धापनदिनानिमित्त झालेला गिल्मोर यांचा कार्यक्रम, समोर सुमारे पन्नास हजार माणसे, आणि संघाबरोबर झ्बिग्नियेव प्रायस्नर यांनी संचालित केलेला बाल्टिक फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद. इथे डॉक्टरचे कडवे राइट म्हणतात. त्यांच्या आवाजात धाक नाही, उतावळेपणाही नाही. ते हळू, काहीसे थकलेले, जवळजवळ काळजीचे वाटतात. कॅसेटवाली यांना तो डॉक्टर चुकीचा वाटेल. मला वाटते की हा डॉक्टर स्वतःच कधीतरी रुग्ण होता.

सोलो सुरू झाल्यावर एक काम करावे. गिटार ऐकू नये. ते कठीण आहे, पण जमते. तिच्याखाली ऑर्गनचे स्वर लांबवलेले आहेत. राइट एका स्वरसमूहातून दुसऱ्यात जाताना शक्य तेवढी कमी बोटे हलवतात. समान असलेला स्वर दाबलेलाच ठेवायचा आणि बाकीचे भोवती सरकवायचे. आमचे पेटीचे गुरुजी साथ करताना हेच करायला लावत. गायकाला पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटता कामा नये, असे ते म्हणत. गिल्मोर एवढ्या उंचीवर एवढा वेळ राहू शकतात, कारण खाली कुणीतरी बोट उचलत नाही.

राइट १५ सप्टेंबर २००८ रोजी गेले. हे ध्वनिमुद्रण २२ सप्टेंबरला बाजारात आले.

गिल्मोर यांचे २०१६ चे, इटलीतल्या पॉम्पेईचे रूपही ऐकावे. तिथे कडवी चक लेव्हेल म्हणतात, चांगली म्हणतात, आणि ते प्राचीन खुले रंगमंडल पाहून थक्क व्हायला होते. १९७१ मध्ये याच जागी संघाने एकही प्रेक्षक नसताना चित्रीकरण केले होते, हे आठवून तर अधिकच. पण ऑर्गनच्या त्या जागेकडे माझे कान पुन्हा पुन्हा जातात आणि रिकामे परत येतात. २९ मे २००६ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गिल्मोर यांच्या कार्यक्रमात गायक डेव्हिड बोवी यांनी कडवी म्हटली, त्या रात्री राइट होते. बोवी डॉक्टरला थोडा नट करतात. ते शोभते, कारण त्यांना तो अधिकार आहे.

झूमरा

ताई, आपले लिहिणे वाचून ग्दान्स्कचे रूप काल रात्री लावले आणि आपण सांगितल्याप्रमाणे गिटार बाजूला ठेवून ऐकण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या प्रयत्नात जमले. ऑर्गनचा जो स्वर दाबून ठेवला जातो, तो एकदा कानात बसला की तानपुऱ्यासारखा वाटतो. ‘पल्स’च्या शेवटच्या आवर्तनांत फक्त जोर वाढतो, असे मी वर लिहिले होते. त्यातही राइट आहेत. ते मी ऐकलेच नव्हते. त्यामुळे ते विधान मला मागे घ्यावे लागेल. निदान अर्धे.

एक मुद्दा राहून गेला आहे. या गाण्याची कार्यक्रमातली जागा बदलत गेली आहे. ‘द वॉल’मध्ये त्याच्यामागून लगेच पुढचे गाणे येते, कथा चालू राहते, त्यामुळे तिथला शेवट हा विराम आहे. १९८८ च्या ‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’मध्ये आणि ‘पल्स’मध्ये ते शेवटून दुसरे आहे, त्यानंतर आणखी एक धावते गाणे होते. हाइड पार्क, ग्दान्स्क, पॉम्पेई आणि मुंबई इथे ते अखेरचे आहे. म्हणजे हळूहळू त्याची भैरवी झाली. भैरवीला वेगळी जबाबदारी असते. ऐकणाऱ्याला घरी पोचेपर्यंत पुरेल एवढे द्यावे लागते, म्हणून ती लांबते, आणि लांबलेली चालते. सोलो मोठा होत गेला याचे कारण केवळ वादकाची हौस नसावी. वॉटर्स यांनी २०२२ मध्ये तेच गाणे सुरुवातीला नेले, तेव्हा सोलो गळून पडला, यात मला सुसंगती दिसते. भैरवीने कुणी मैफल सुरू करत नाही.

राजेंद्रनगरकर

काका, हा मुद्दा मला पूर्ण पटला. २०२२ चे रूप आवडले नाही ते नाहीच, पण ते तसे का आहे हे आता समजले.

कॅसेटवाली

काळी पाच, थकलेला डॉक्टर मला चुकीचा वाटेल असे आपल्याला वाटले होते. ऐकला. चुकीचा नाही वाटला. मुंबईच्या रात्रीचा आवाज माझ्यासाठी पहिलाच राहील, पण वडिलांच्या शेवटच्या आजारपणात जे डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन खुर्ची ओढून बसत आणि काही न बोलता नाडी पाहत, त्यांची आठवण राइट यांच्या कडव्याने आली.

पांढरी सात

झूमरा काकांनी आवर्तने मोजल्याचे वाचल्यापासून एक गोष्ट करून पाहायची होती. चुलतभावाकडची ती कॅसेट अजून आहे. गेल्या शनिवारी रामबागेत जाऊन ती घेऊन आलो. टेपरेकॉर्डर जेल रोडवर दुरुस्तीला दिला होता, त्याचा पट्टा बदलून मिळाला, त्यामुळे आता तो पूर्वीसारखा जलद फिरत नाही. पेटी शेजारी घेतली. गाणे पांढऱ्या सातात, अगदी नेमके, येऊन बसले. राइट यांचा ऑर्गन कॅसेटच्या सळसळीतून फार अंधुक ऐकू येतो, पण येतो.

मग सोलो सुरू झाल्यावर बोटांवर मोजायला लागलो. दहा आवर्तने पूर्ण झाली. अकराव्यात बी मायनरच्या चार मात्रा गेल्या, ए च्या चार गेल्या, गिटार वर चढत होती. जी चा स्वरसमूह येतो त्या नवव्या मात्रेवर, म्हणजे तीनतालात जिथे खाली येते तिथे, बटण खटकन वर आले.